तापलेले एंजिन का थांबते?

काशीच्या मणिकर्णिका घाटाला लागून, प्रवाहाच्या दिशेने थोडे पुढे गेले की शिंदे घाट लागतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. परंतु दगडी कामाचा भार खालच्या भूमीला पेलला नाही व घाट खचला. रत्नेश्वर महादेवाचे कललेले देऊळ तेथे आजही पाण्याच्या काठाशी उभे आहे. शेजारच्या मणिकर्णिकेवर चिता अहोरात्र जळत असतात, त्यामुळे या भागात लाकडाची ये-जा कधी थांबत नाही. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की मालमोटार घाटापर्यंत येऊच शकत नाही. लाकूड दुरून मालमोटारीने येते आणि शेवटचा टप्पा मोठ्या नावांतून पार पडतो. एकाच ओंडक्याच्या प्रवासात अशा रीतीने दोन एंजिने राबतात, एक रस्त्यावरचे आणि दुसरे पाण्यावरचे. ती जुनी झाली म्हणजे दोहोंना जडणारी एक व्याधी सारखीच असते, आणि तिचे निदान करण्याची रीतही बहुतांशी एकच आहे.

व्याधीचे स्वरूप असे. सकाळी थंड असताना एंजिन पहिल्या झटक्यास सुरू होते, तासभर विनातक्रार चालते आणि चांगले तापले की बंद पडते. लगेच पुन्हा सुरू करू गेल्यास ते दाद देत नाही. अर्धा-पाऊण तास उभे ठेवले, की जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होते. मिस्त्रीला बोलावून आणीपर्यंत ते निवालेले असते व त्याच्यासमोर अगदी शहाण्यासारखे चालते. बिचारा मिस्त्री काय करणार? तो अनुभवावर भिस्त ठेवून एखादा भाग बदलतो. या खेपेस कॉइल, पुढच्या खेपेस पंप, त्यापुढे कार्बोरेटर. मालकाचे पैसे जातात आणि दोष जेथल्या तेथेच राहतो.

पैशाचा प्रश्न तर आहेच, परंतु त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. भरलेली मालमोटार चढावर असताना एंजिन थांबले, तर हवेच्या ब्रेकांना हवा पुरविणारा काँप्रेसरही त्याच क्षणी थांबतो, आणि टाकीत साठलेली हवा ब्रेक काही वेळा दाबीपर्यंतच पुरते. शिंदे घाटासमोर नावेचे एंजिन थांबले, तर नाव प्रवाहाबरोबर उत्तरेकडे, म्हणजे १८८७ साली खुल्या झालेल्या राजघाटच्या पुलाच्या खांबांकडे, वाहू लागते. ओंडक्यांनी किंवा माणसांनी भरलेली नाव जोराच्या पाण्यात वल्ह्यांनी आवरणे हे सोपे काम नव्हे.

निदानाच्या आड येणारी पहिली अडचण तक्रारीच्या शब्दांतच दडलेली आहे. चालक म्हणतो, "गाडी गरम झाली की बंद पडते." त्याने प्रत्यक्षात पाहिलेले असते ते इतकेच, की गाडी सुमारे तासभर चालली की बंद पडते. तासभर चाललेले एंजिन तापलेले असणारच. म्हणून उष्णता व वेळ या दोन गोष्टी नेहमी जोडीने येतात, आणि त्यांतील खरी दोषी कोणती हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाबतीत हा गोंधळ किती सर्रास होतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे इंधनाच्या टाकीचे झाकण.

टाकीतून जितके इंधन बाहेर जाते तितकी हवा आत आली पाहिजे. याकरिता झाकणाला एक बारीक छिद्र असते. ते धुळीने किंवा गंजाने बुजले, अथवा हरवलेल्या झाकणाच्या जागी बिनछिद्राचे दुसरे झाकण बसविले, की टाकीतील दाब हळूहळू उतरू लागतो. पंप ओढतो, टाकी सोडत नाही. अखेर इंधनाचा पुरवठा तुटतो व एंजिन आचके देत थांबते. गाडी उभी राहिली, की कोठल्यातरी फटीतून हवा झिरपत आत जाते, दाब पूर्ववत् होतो आणि एंजिन सुरू होते. लक्षणे हुबेहूब तापल्याची. पण उष्णतेचा येथे काडीचाही संबंध नाही. टाकीच्या तळाशी पडलेल्या कचऱ्याचेही असेच होते. एखादे पान किंवा चिंधीचा तुकडा ओढीमुळे नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटतो, एंजिन थांबले की ओढ संपते व तो सुटून पुन्हा तळाशी जातो. असल्या गाडीची कॉइल दहा वेळा बदलली तरी काय उपयोग?

उष्णता व वेळ यांना एकमेकांपासून सोडविण्याची युक्ती साधी आहे. गाडी बंद पडताक्षणी, दुसरे काहीही करण्यापूर्वी, टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला, आणि त्यानंतर थोडा वेळ हाताने पंप मारून एंजिन न निवताच सुरू झाले, तर गुन्हेगार सापडला. चालू एंजिनाजवळ झाकण उघडताना विडी-काडी दूर ठेवावी, हे सांगावयास नकोच. तरी सांगितलेले बरे.

झाकण निर्दोष ठरले, म्हणजे खऱ्या उष्णतेकडे वळावयाचे. एंजिन तापल्याने कोणते फरक होतात? इंधन पातळ होते किंवा त्याची वाफ होते, तारांचा विद्युत्-रोध वाढतो, धातू प्रसरण पावतात, रबर मऊ पडते. निवल्यावर हे सारे फरक उलटतात, आणि म्हणूनच दोषही नाहीसा होतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी: पुरावा थोड्याच मिनिटांचा असतो, म्हणून तपासही त्याच मिनिटांत व्हावयास पाहिजे. निवलेल्या एंजिनाची तपासणी म्हणजे ताप उतरल्यावर रोग्याच्या काखेत तापमापक लावण्यासारखे आहे.

एंजिन थांबण्याची तऱ्हाही बोलकी असते. दिवा मालवावा तसे ते एकाएकी थांबले, तर संशय विजेवर घ्यावा. आचके देत, धापा टाकीत, वेग कमी करताच पुन्हा थोडे सावरून मग थांबले, तर संशय इंधनावर घ्यावा. जड होत होत, कण्हत थांबले व उष्णतादर्शक काटा टोकाला असला, तर ते खरोखरीच अतितप्त झाले आहे. ती निराळी व अधिक गंभीर बाब होय. तेथे पाणी, पंख्याचा पट्टा व वंगण पाहावे. रेडिएटरचे झाकण मात्र एंजिन निवेपर्यंत उघडू नये. त्या वाफेने हात-तोंड भाजल्याची उदाहरणे रस्त्यावर नित्य घडतात.

आता इंधनाकडे येऊ, आणि त्यासाठी काशी सोडून सह्याद्रीत यावे लागेल. मराठी वाचकास घाट म्हटला की पायऱ्यांच्या आधी डोंगरातील वळणाची वाट आठवते. योगायोग असा, की शिंदे घाट बांधला गेला त्याच सुमारास, १० नोव्हेंबर १८३० रोजी, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला. पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या मालमोटारींची खरी कसोटी या चढावर लागली. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ पासून गाड्यांची जोडणी केली. नंतर कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून डॉज व फार्गो मालमोटारी बाहेर पडल्या. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीझ-बेंझची डीझेल मालमोटार आली आणि पेट्रोलच्या मालमोटारीचे दिवस हळूहळू सरले. परंतु जतन केलेल्या जुन्या मालमोटारी, जीप व कार्बोरेटर असलेली इतर वाहने आजही चालतात, आणि त्यांचा घाटातला रोग तोच आहे.

त्या रोगाचे नाव बाष्परोध. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. पाण्यासारखा त्याला एक उत्कलनबिंदू नाही. त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात, तर जड घटकांची वाफ व्हावयास २०० अंशांच्या आसपास जावे लागते. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप एंजिनाच्या कुशीलाच बसविलेला असतो, आणि तो ओढून घेत असल्यामुळे त्याच्या अलीकडच्या नळीतील दाब वातावरणाच्या दाबाहून कमी असतो. कमी दाबाखाली द्रव लवकर उकळतो हे सर्वश्रुत आहे. चढावर एंजिन पूर्ण जोर लावीत असते, गाडीचा वेग मंद असल्यामुळे वारा लागत नाही, मे महिन्याचे ऊन वर तापत असते. नळीत वाफेचे बुडबुडे धरतात. पंप द्रव ढकलण्यासाठी बनविलेला. वाफ मिळाली की ती नुसती दबते व पुन्हा फुगते, पुढे सरकत नाही. एंजिन उपाशी पडते. उंचीमुळे हवेचा दाब घटतो म्हणून असे होते, असे पुष्कळदा सांगण्यात येते. ते खोटे नाही, परंतु खंडाळ्याच्या उंचीवर ही घट सहा-सात टक्क्यांचीच असते. खरा मारा चढाच्या उष्णतेचा असतो.

याचाच एक भाऊबंद आहे, व तो अधिक फसवा. गाडी घाट सुरळीत चढते, माथ्यावर चहासाठी थांबते आणि मग सुरू होत नाही. एंजिन थांबताच पंखा थांबतो, पाणी फिरणे थांबते. परंतु तापलेल्या लोखंडातील उष्णता कोठे जाणार? ती बॉनेटखाली पसरते, आणि थांबल्यानंतर पहिली दहा-पंधरा मिनिटे पंप व कार्बोरेटर उलट अधिकच तापतात. कार्बोरेटरमधील पेट्रोल उकळून आत सांडते आणि एंजिन उपाशी राहण्याऐवजी त्याला अजीर्ण होते. पेट्रोलचा उग्र वास व काळे, ओले प्लग ही त्याची खूण. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, म्हणजे जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. तो पुनःपुन्हा दाबीत राहिल्यास दर दाबासरशी आणखी पेट्रोल आत जाते व बॅटरीही संपते.

भारतात २०२२ साली पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि त्यानंतर हे प्रमाण वीस टक्क्यांकडे नेण्यात आले. अल्प प्रमाणात मिसळलेल्या इथेनॉलमुळे मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो, तसेच जुन्या प्रकारचे रबर त्यात टिकत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या इंधनास चालतील अशा घेऊन बदलणे, आणि धातूच्या नळीचा धुराड्याजवळून जाणारा भाग दूर वळविणे, हे दोन्ही खर्च योग्य ठरतात.

बाष्परोधावर चालकांनी फार पूर्वीच उपाय शोधून काढला होता: पंपावर ओला कपडा. पुष्कळ शिकलेले लोक या उपायाला हसतात. वस्तुतः तो उपाय तर आहेच, शिवाय एक उत्तम प्रयोगही आहे. अट एवढीच, की तो प्रयोगासारखा केला पाहिजे. बादलीभर पाणी सर्व एंजिनावर ओतले तर एंजिन सुरू होईल, परंतु कोणता भाग निवल्यामुळे सुरू झाले ते कधीच कळणार नाही; शिवाय तापलेल्या बिडाला तडा जाण्याचा धोका आहेच. कपडा एका वेळी एकाच भागावर ठेवावा. प्रथम पंपावर ठेवून दोन-तीन मिनिटांत एंजिन सुरू झाले तर बाष्परोध ठरला. न झाल्यास तोच कपडा पिळून, विजेची जोडणी वाचवून, कॉइलवर गुंडाळावा.

कॉइलमध्ये तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. २० अंशांवरून ९० अंशांवर गेलेल्या कॉइलच्या पहिल्या वेटोळ्याचा रोध सव्वापटीहून थोडा अधिक होतो व प्रवाह सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो. धडधाकट कॉइल एवढे सहज सोसते. परंतु जुन्या कॉइलमधील तार एखाद्या ठिकाणी तुटून नुसती टेकलेली असते, तापल्यावर प्रसरणाने ते टोक सुटते व ठिणगी नाहीशी होते. निवल्यावर टोके पुन्हा टेकतात. डिस्ट्रिब्यूटरमधील कंडेन्सरचेही तसेच. तो स्वस्त व लहान असल्यामुळे त्याची कोणी दखल घेत नाही, आणि म्हणूनच पुष्कळ निर्दोष कॉइली भंगारात जातात. तापलेल्या अवस्थेत ठिणगी पाहावी: निळी, कडाडणारी असल्यास वीज ठीक, पिवळी, मलूल किंवा मुळीच नसल्यास दोष विजेचा. सांडलेल्या पेट्रोलजवळ ही परीक्षा कदापि करू नये. चालकाजवळ चालू असल्याची खात्री असलेली दुसरी थंड कॉइल असली, तर तिच्या तारा जोडून पाहाव्या. बाकीचे एंजिन तापलेलेच असताना ते सुरू झाले, की वादास जागा उरत नाही. कार्यशाळेत याच्या उलट प्रयोगही करता येतो: एंजिन थंड असताना केवळ कॉइल गरम हवेने तापवावी. एंजिन तेवढ्याने थांबले तर चोर रंगेहाथ पकडला गेला.

डीझेल एंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे निम्मा तपास आपोआप गळतो. डीझेल साधारणतः १६० अंशांच्या पुढेच उकळते; तेव्हा बाष्परोधाचा विचारही सोडून द्यावयास हरकत नाही. उरतात इंधनाचा पुरवठा, हवा आणि सिलिंडरमधील दाब. मालमोटारीचे चालक "एअर धरली" असे म्हणतात ते येथे लागू पडते. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते. तिच्या जोडात बारीक फट असल्यास डीझेल बाहेर गळत नाही, हवा मात्र आत शिरते. नळीचे रबर तापून मऊ पडले की फट रुंदावते. गळती दिसत नाही म्हणून जोड निर्दोष, असा निष्कर्ष काढणे हीच येथली ठेच.

जुन्या डीझेल एंजिनाचा स्वतःचा असा खास रोग मात्र इंजेक्शन पंपाचा आहे. या पंपातील दट्ट्या व त्याचे नळकांडे यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजावे लागते. तेथे रबराचा वा कशाचाही बूच नसतो, केवळ जुळणीची बारकाई असते. वर्षानुवर्षांच्या झिजेने हे अंतर वाढते. थंड डीझेल त्यातल्या त्यात घट्ट असल्यामुळे फटीतून फारसे निसटत नाही व नोझल उघडण्याइतका दाब तयार होतो. डीझेल तापून पातळ झाले, की ते दट्ट्याच्या बाजूने मागे पळते. भरधाव असताना पळून जाण्यास वेळ मिळत नाही, म्हणून गाडी धावते. वेग मंदावला की एंजिन विझते, आणि स्टार्टरच्या संथ फेऱ्यांवर ते सुरू होऊ शकत नाही. "धावताना ठीक, थांबली की मेली" अशी तक्रार आल्यास प्रथम येथे पाहावे. बंद एंजिनाच्या पंपावर ओले फडके ठेवून थोड्या वेळात ते सुरू झाले, तर झीज जवळजवळ निश्चित समजावी. चालू पंपावर थंड पाणी ओतू नये. बाहेरचे कवच आखडून आतला दट्ट्या अडकण्याची भीती असते. झिजलेल्या पंपाला रस्त्यावर इलाज नाही. तो पंप दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेतच न्यावा लागतो, आणि हा खर्च मोठा असल्यामुळेच तो करण्यापूर्वी झाकण, फिल्टर व नळ्या यांच्यावरील संशय पुरता फिटलेला असावा.

सिलिंडरच्या झडपा फार घट्ट बसविलेल्या असल्यास तापल्यावर त्या पूर्ण मिटत नाहीत व दाब निसटतो. निर्मात्याने दिलेले अंतर पातळ पट्टीने मोजले की हा प्रश्न मिटतो.

नावेवरच्या एंजिनाचा तपास याच क्रमाने होतो; दोन गोष्टी तेवढ्या वेगळ्या. शेतीचे पाणी उपसण्यासाठी बनविलेली लहान डीझेल एंजिने नावांवरही बसविली जातात, आणि एंजिन नदीचेच पाणी खेचून थंड केले जात असेल, तर पाणी घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी गाळ, निर्माल्य व प्लॅस्टिक अडकते. काशीसारख्या ठिकाणी फुलांच्या माळांची वाण नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली की एंजिन थांबण्याची वाट न पाहता तोंड साफ करावे. दुसरे म्हणजे, लाटांनी नाव हेलकावते, तसा टाकीच्या तळचा गाळ व पाणी ढवळले जाऊन फिल्टरमध्ये येते. २०२१ पासून काशीतील अनेक नावा डीझेल सोडून दाबाखालच्या नैसर्गिक वायूवर आणण्यात आल्या. त्यांची तऱ्हा उलटी: सुमारे २०० वातावरणांच्या दाबाचा वायू मोकळा होताना थंड पडतो, म्हणून त्याच्या दाबनियंत्रकास एंजिनाचे ऊन पाणी पुरवावे लागते. तेथे एंजिन तापण्यापूर्वीच अडण्याचा संभव अधिक.

राहिलेल्या डीझेल नावांसाठी, आणि मालमोटारींसाठीही, संशय टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर येऊन थांबला असेल तर एक परीक्षा बिनखर्ची आहे. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्यावा, त्यात गाळलेले डीझेल भरावे, तो एंजिनाहून उंच, धुराड्यापासून दूर पक्का बांधावा आणि नवी नळी टाकून थेट पंपाला जोडावा. नाव काठाला दोराने बांधलेली असावी व एंजिन भार घेऊन चालवावे. मोकळे चालविल्यास ते पुरते तापत नाही. नेहमी ज्या वेळात ते थांबते त्याच्या दुप्पट वेळ चालले, तर जुनी टाकी, तिचे झाकण व जुनी नळी एवढ्यांतच दोष आहे. तेवढ्याच वेळात पुन्हा थांबले, तर त्या तिन्ही वस्तू सुटल्या आणि पंपावरचे फडके भिजवावयास घ्यावे.